लाईनी दोन, खांब एकच : डेटाची दुसरी प्रत पोचते तरी कशी?

सुर्ला (डिचोली) : तलाठ्याकडे, पंचायतीत किंवा बँकेच्या खिडकीवर गेल्यावर 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य ऐकले नाही असा माणूस डिचोली तालुक्यात सापडणे कठीण. पेडण्यात, दोडामार्गात, चंदगडात किंवा खानापुरातही चित्र वेगळे नाही. उद्या गेल्यावर काम होते, म्हणून फारसे कोणी विचारत नाही. पण उद्या गेल्यावर 'तुमची नोंदच दिसत नाही' असे सांगितले तर? एक-चौदाच्या उताऱ्यावरचे नाव, घरपट्टीची पावती, पतसंस्थेतली ठेव, दवाखान्यातले जुने रिपोर्ट, मुलांचे गुण हे सगळे आता कुठल्या तरी डिस्कवर आहे. डिस्क ही वस्तू आहे. ती जळते, भिजते, कुरतडली जाते, कधी नुसतीच बंद पडते.

म्हणूनच मोठ्या संस्था एका साठवणुकीवर विसंबून राहत नाहीत. एक स्टोरेज इथे, दुसरे दुसऱ्या गावात, आणि पहिल्यावर लिहिलेले दुसऱ्यावर आपोआप उतरत राहते. याला तंत्राच्या भाषेत रेप्लिकेशन म्हणतात, साध्या मराठीत प्रत ठेवणे. लोक यंत्रांच्या किमतीवर तासन् तास चर्चा करतात. त्या दोन यंत्रांना जोडणाऱ्या लाईनीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही, आणि दुसरी प्रत वेळेवर कामाला आली नाही तर कारण बहुधा त्या लाईनीतच सापडते. मुंबईत २०२१ मध्ये देशाचा सर्वात मोठा शेअर बाजार चार तास ठप्प झाला, त्याची सुरुवातही अशाच लाईनींपासून झाली होती. तो प्रकार समजून घेण्याआधी प्रत होते कशी, हे बघावे लागेल.

कार्बन प्रत आणि रोजकीर्द

प्रत ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पावतीपुस्तक वापरणाऱ्याला दोन्ही लगेच कळतील.

पहिली तऱ्हा कार्बन प्रतीची. पावती लिहिताना खाली कार्बन असतो. वरच्या कागदावर अक्षर उमटते त्याच क्षणी खालच्यावरही उमटते. स्टोरेजमध्ये याला सिंक्रोनस म्हणतात. पतसंस्थेच्या काउंटरवर पाच हजार भरले की पहिले स्टोरेज ते लिहिते, दुसऱ्याकडे पाठवते, दुसऱ्याने 'लिहिले' असे कळवले की मगच काउंटरवर 'जमा झाले' असे दिसते. यात एक रुपयाचीही नोंद बुडत नाही. मात्र प्रत्येक नोंदीला दुसऱ्या गावाची पोचपावती येईपर्यंत थांबावे लागते.

दुसरी तऱ्हा रोजकीर्दीची. दिवसभर कच्च्या वहीत लिहायचे आणि ठरावीक वेळाने पक्क्या वहीत उतरवायचे. याला असिंक्रोनस म्हणतात. पहिले स्टोरेज थांबत नाही, आपले काम करत राहते. झालेले बदल पाच, पंधरा किंवा साठ मिनिटांनी दुसरीकडे जातात. काम झटपट होते. पण मधल्या काळात पहिले यंत्र बुडाले तर न उतरवलेल्या नोंदी बुडाल्या.

कोणती तऱ्हा घ्यायची हे दोन प्रश्नांवर ठरते. एक, किती मिनिटांच्या नोंदी बुडाल्या तर चालेल? याला आरपीओ म्हणतात. दोन, बंद पडल्यावर किती वेळात पुन्हा सुरू झाले पाहिजे? याला आरटीओ म्हणतात. गाडीच्या लायसनच्या आरटीओशी याचा संबंध नाही. ग्रंथालयाला एक दिवसाच्या नोंदी गेल्या तर त्या पुन्हा लिहिता येतात. बँकेला दहा मिनिटांच्या गेल्या तरी महागात पडते. हे दोन आकडे ठरवण्याआधी लाईन विकत घेणे म्हणजे जमीन न मोजता कुंपण घालण्यासारखे आहे.

अंतर किती, हा पहिला हिशेब

ऑप्टिकल फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. हा वेग फार वाटतो. पण कार्बन प्रतीत प्रत्येक नोंदीला जाऊन-येऊन फेरी असते. शंभर किलोमीटरवरच्या यंत्राकडे जाऊन परत यायला काचेतच एक मिलिसेकंद जातो, पाचशे किलोमीटरला पाच. मधले स्विच, राऊटर, आणि रस्त्याप्रमाणे वळत जाणारी केबल यांचा वेळ वेगळा. चांगले स्टोरेज जागच्या जागी नोंद लिहायला एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ घेते. म्हणजे पाचशे किलोमीटरवर कार्बन प्रत ठेवली तर प्रत्येक नोंद कैक पटींनी मंद होणार. लाईन कितीही जाड घेतली तरी हा वेळ कमी होत नाही. नळ मोठा केल्याने धरण जवळ येत नाही.

त्यामुळे कार्बन प्रत सहसा शंभरेक किलोमीटरच्या आतच ठेवतात. सुर्ला ते पणजी हे अंतर त्यात आरामात बसते. सुर्ला ते पुणे बसत नाही. तिथे रोजकीर्दीची तऱ्हा बरी.

पण जवळ ठेवण्यालाही मर्यादा आहे. साखळीवरून वाहणारी वाळवंटी पुढे मांडवीला मिळते, आणि मांडवीच्या मुखाशी पणजी आहे. म्हणजे साखळी परिसरात एक प्रत आणि पणजीत नदीकाठी दुसरी ठेवली, तर दोन्ही एकाच खोऱ्यात आल्या. जुलै २०२१ मध्ये डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत पूर आला, त्याच दिवसांत चिपळूणही पाण्याखाली गेले होते. कोकणपट्टीवरचा पाऊस तालुक्याची हद्द बघून पडत नाही. म्हणून मोठ्या संस्था जवळ एक आणि दूर एक अशा दोन प्रती ठेवतात. आधारचा डेटा सांभाळणारे प्राधिकरण आपली केंद्रे बेंगळुरू आणि मानेसर अशी दोन टोकांना ठेवते, त्यामागेही हाच विचार आहे.

लाईन किती मोठी लागते?

दुसरा हिशेब आकाराचा. समजा सुर्ल्यातल्या एखाद्या पतसंस्थेकडे दोन टीबी डेटा आहे आणि त्याची प्रत सावंतवाडीला ठेवायची आहे. लाईन सेकंदाला बिटमध्ये मोजतात, डेटा बाइटमध्ये. एका बाइटला आठ बिट. हा आठाचा गुणाकार विसरला की अंदाजपत्रक तिथेच चुकते.

१० एमबीपीएसच्या लाईनीवर दोन टीबी जायला साडेअठरा दिवस लागतील. १०० एमबीपीएसवर सुमारे ४४ तास. १ जीबीपीएसवर साडेचार तास. हे लाईन पूर्ण रिकामी आणि अखंड चालू राहिली तर. म्हणून पहिली पूर्ण प्रत बऱ्याचदा लाईनीवरून पाठवतच नाहीत. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी ठेवून पहिली प्रत करतात, मग दुसरे यंत्र गाडीत घालून नेतात. त्यानंतर लाईनीवरून फक्त रोजचे बदल जातात.

रोज समजा २० जीबी बदल होतो. १० एमबीपीएसवर तो साडेचार तासांत जाईल. दिवसाचे चोवीस तास आहेत, तेव्हा लाईन पुरेशी, असे कागदावर वाटते. पण पतसंस्थेत गर्दी सकाळी दहा ते एक. हा सगळा बदल त्या तीन तासांत झाला तर तेवढ्या वेळात पाठवायला जवळपास १५ एमबीपीएस लागतात. दहाची लाईन मागे पडत जाईल, आणि 'पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नोंदी बुडणार नाहीत' हे आश्वासन रोज दुपारी मोडेल. लाईन सरासरीवर ठरवायची नसते, गर्दीच्या तासावर ठरवायची असते. एसटीची फेरी जत्रेच्या दिवशी पुरते का, हे बघतात तसे.

घरगुती ब्रॉडबँडवर हे काम करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेला वेग बहुतेक वेळा डाऊनलोडचा असतो. प्रत पाठवायला अपलोड लागतो. आणि 'अमर्याद' प्लॅनलाही मर्यादा असते. अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीनंतर वेग उतरतो. दोन टीबीची पहिली प्रत त्यातला मोठा वाटा एका झटक्यात खाते.

पोचपावतीची वाट

लाईन १ जीबीपीएसची घेतली आणि प्रत मात्र १७ एमबीपीएसनेच जाते, अशी तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. कंपनीला फोन केला तर 'आमची लाईन ठीक आहे' म्हणतात, आणि ते खरेही असते.

खाणीवरून धक्क्यापर्यंत माल नेणारे ट्रक डिचोलीकरांनी पुष्कळ पाहिले आहेत. समजा नियम असा केला, की पाच ट्रक सोडायचे आणि त्यांच्या पोचपावत्या खाणीवर परत आल्याशिवाय सहावा सोडायचा नाही. मग रस्ता चौपदरी करा की आठपदरी, माल तेवढाच जाणार. बाकी रस्ता रिकामा.

नेटवर्कमध्ये एका वेळी पावतीविना किती डेटा सोडायचा याला विंडो म्हणतात. जुन्या पद्धतीची विंडो ६४ केबीची. जाऊन-येऊन फेरीला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर ६४ केबीच्या हिशेबाने वेग साडेसतरा एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही. उपाय म्हणजे विंडो वाढवायची, किंवा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडायच्या. आजच्या बहुतेक यंत्रांत ही सोय असते, पण दोन्ही टोकांना ती चालू आहे ना, हे बघावे लागते. लाईनीवर पाकिटे हरवत असतील तर वेग आणखी पडतो, कारण हरवलेले पाकीट पुन्हा पाठवावे लागते आणि पाठवणारे यंत्र सावध होऊन हळू चालते. म्हणून लाईन देणाऱ्या कंपनीशी करार करताना नुसता वेग लिहून घेऊ नये. फेरीचा वेळ आणि हरवणाऱ्या पाकिटांचे प्रमाण हेही लेखी घ्यावे.

जोडणी करताना

प्रत्यक्ष जोडणीची कामे फार अवघड नाहीत, पण एकही सोडून चालत नाही.

पहिले, प्रतीची वाट वेगळी ठेवणे. कर्मचाऱ्यांचे कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, वायफाय आणि स्टोरेजची प्रत एकाच नेटवर्कवर सोडली तर सगळ्यांचा खोळंबा होतो. स्टोरेजचे वेगळे पोर्ट आणि स्विचवर वेगळे व्हीलॅन राखून ठेवतात. एकच लाईन असेल तर वेळेनुसार वाटा ठरवतात. दिवसा प्रतीला लाईनीचा निम्मा हिस्सा, रात्री नऊनंतर सगळा, असे.

दुसरे, नाव आणि पत्ता. सुर्ला नावाची गावे गोव्यात दोन. एक डिचोली तालुक्यात, दुसरे सत्तरीत चोर्ला घाटाच्या बाजूला. नुसते 'सुर्ला' लिहिलेले पाकीट कुठल्या सुर्ल्याला जाईल याची खात्री नाही. यंत्रांचेही तसेच. दोन्ही कार्यालयांत एकाच छापाचे राऊटर असतात आणि दोन्हीकडे पत्त्यांची एकच मालिका निघते. मग पाकीट घरातल्या घरात फिरत राहते, बाहेर पडत नाही. दोन्ही टोकांना वेगळी मालिका, न बदलणारा आयपी पत्ता आणि जाण्याची व येण्याची वाट स्पष्ट लिहिलेली हवी.

तिसरे, पाकिटाचा आकार. नेटवर्कवर साधारण १,५०० बाइटची पाकिटे चालतात. स्टोरेजवाले वेगासाठी ९,००० बाइटची मोठी पाकिटे लावतात. मधल्या एकाही स्विचला ती चालत नसतील तर विचित्र प्रकार होतो. पिंग जाते, लॉगिन होते, सगळे हिरवे दिसते. प्रत्यक्ष प्रत सुरू केली की अडकते. कारण पिंगचे पाकीट लहान असते, ते जाते. मोठे मधेच टाकून दिले जाते. म्हणून चाचणी मोठ्या पाकिटानेच करावी आणि ते मधे तुकडे न होता पोचले का, हे बघावे.

चौथे, कुलूप. डेटा सार्वजनिक रस्त्याने जाणार, तेव्हा तो व्हीपीएनच्या बोगद्यातून गुपित करूनच गेला पाहिजे. फायरवॉलवर फक्त या दोन पत्त्यांना, फक्त लागणारे पोर्ट उघडावेत, तेही दोन्ही बाजूंना. एका बाजूला उघडले आणि दुसरीकडे राहिले, हा प्रकार नेहमीचा. बोगद्याचे वेष्टण पाकिटात थोडी जागा खाते, त्यामुळे तिसरा मुद्दा इथे पुन्हा तपासावा लागतो.

पाचवे, पंच. लाईन तुटली की दोन्ही यंत्रांना वाटते की समोरचा मेला. दुसरे यंत्र मग 'आता मीच मालक' म्हणून नोंदी घ्यायला लागले, तर एकाच क्रमांकाच्या पावत्या दोन काउंटरवरून फाटायला लागतात. हा घोळ नंतर निस्तरणे महाकठीण. म्हणून तिसऱ्या जागी एक छोटे साक्षीदार यंत्र ठेवतात. ज्याला साक्षीदार दिसतो तो चालू राहतो, दुसरा गप्प बसतो. हा साक्षीदार पहिल्या किंवा दुसऱ्या यंत्राच्याच खोलीत, त्याच लाईनीवर ठेवला तर त्याचा उपयोग शून्य.

सहावे, तुटलेली लाईन परत आल्यावर काय? चांगले यंत्र मधल्या काळात काय काय बदलले याची खूण ठेवते आणि तेवढेच पाठवते. खुणांची वही भरून गेली तर सगळी प्रत पहिल्यापासून करावी लागते, आणि तेव्हा साडेअठरा दिवसांचा हिशेब पुन्हा समोर येतो. शिवाय ही भरपाई चालू असताना दुसरी प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी असते. म्हणून भरपाईआधी तिचा एक जुना पण सुसंगत नमुना बाजूला काढून ठेवतात.

मुंबईत काय झाले होते?

२४ फेब्रुवारी २०२१. सकाळी ११.४० ला राष्ट्रीय शेअर बाजार म्हणजे एनएसईने व्यवहार थांबवले. बाजार पुन्हा सुरू झाला तो दुपारी ३.४५ ला, आणि त्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अर्धवट होते ते अडकले. मुंबई शेअर बाजार चालू होता, तिथे धावाधाव झाली.

एनएसईकडे व्यवस्था नव्हती असे नाही. मुंबईत मुख्य केंद्र, मुंबईतच जवळचे दुसरे केंद्र, आणि दूर चेन्नईत तिसरे. मुंबईतल्या दोन केंद्रांमध्ये कार्बन प्रत, म्हणजे एकही नोंद बुडू नये अशी रचना. लाईनीही एका कंपनीच्या नव्हत्या. दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या होत्या.

एनएसईने नंतर दिलेल्या खुलाशानुसार, त्या दिवशी दोन्ही कंपन्यांच्या लाईनी अस्थिर झाल्या. कारण काय, तर लाईनी जात होत्या त्या रस्त्यालगतचे खोदकाम आणि बांधकाम. कागदावर दोन कंपन्या, पण खोदकामाचा फटका दोघींनाही. इतके होऊनही बाजार थांबायला नको होता. दुसऱ्या केंद्राचा संपर्क तुटला तर मुख्य स्टोरेजने एकट्याने काम चालू ठेवावे, असेच ठरलेले होते. तसे झाले नाही. स्टोरेजची बदलाची रचना अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि मुख्य केंद्रातले स्टोरेजच सर्व्हरना दिसेनासे झाले. सौद्यांची जोखीम मोजणारी एनएसई क्लिअरिंगची यंत्रणा त्यावर अवलंबून होती. ती थांबली आणि तिच्याविना बाजार चालवणे धोक्याचे, म्हणून बाजार थांबला.

सुरक्षेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीच्या लाईनीमुळे पहिलीच प्रत बंद पडली, असा हा उलटा प्रकार. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केले. गंभीर बिघाड झाल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर ४५ मिनिटांत दुसऱ्या केंद्रावरून काम सुरू करायचे, आणि १५ मिनिटांहून जास्त डेटा बुडता कामा नये. पुढे २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने ७२ कोटींहून अधिक रक्कम भरून सेबीकडचे हे प्रकरण तडजोडीने मिटवले.

खांब एकच असेल तर

एवढ्या मोठ्या संस्थेला जे चुकले ते गावपातळीवर चुकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. गोव्यात सरकारी कार्यालये जोडण्यासाठी राज्य, तालुका, पंचायत अशी गोवा ब्रॉडबँड नेटवर्कची उतरंड आहे. खासगी कंपन्यांच्या केबल वेगळ्या. यातल्या कितीतरी केबल वीजखात्याच्या खांबांवरून ओढलेल्या असतात. खांबांवरच्या या केबलींचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

एखाद्या संस्थेने दोन कंपन्यांच्या लाईनी घेतल्या, दोन बिले भरली, दोन राऊटर लावले. पण दोन्ही केबल त्याच खांबावरून, त्याच वळणावरून येत असतील तर पावसाळ्यात पडलेले एक झाड दोन्ही घेऊन जाते. पाईपलाईनसाठी रस्ता खोदणाऱ्या जेसीबीलाही कंपनीचे नाव वाचता येत नाही. शिवाय गावाबाहेर पडल्यावर छोटी कंपनी बऱ्याचदा मोठ्या कंपनीचीच फायबर भाड्याने वापरते. वरून दोन दिसणारी लाईन पुढे एकच झालेली असते.

म्हणून लाईन घेताना कंपनीकडे मार्गाचा नकाशा मागावा. एक लाईन जमिनीखालून फायबरची आणि दुसरी वायरलेस, म्हणजे टॉवरवरची किंवा समोरासमोरच्या रेडिओची, असे मिश्रण गावात जास्त उपयोगी पडते. दुसरी लाईन मंद असली तरी चालेल. रोजकीर्दीच्या तऱ्हेने ती निभावून नेते. आणि दोन्ही राऊटर एकाच इन्व्हर्टरवर असतील तर वीज गेल्यावर पुन्हा खांब एकच, हेही लक्षात ठेवलेले बरे.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. कार्बन प्रतीवर चुकीचे अक्षरही तितक्याच इमानदारीने उमटते. कोणी चुकून फाईल पुसली तर ती दुसरीकडेही पुसली जाते. व्हायरसने फाईलींना कुलूप लावले तर कुलूपबंद फाईलीच दुसरीकडे पोचतात, आणि लाईन जितकी वेगवान तितक्या लवकर पोचतात.

जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर देखरेख यंत्रणेच्या सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. राज्यातल्या प्रमुख नद्यांवर १५ ठिकाणी पाण्याची पातळी मोजणारी ही यंत्रणा. फाईली कुलूपबंद झाल्या, सोडवण्यासाठी क्रिप्टो चलनात पैसे मागितले गेले. खात्याने सायबर पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत जुना डेटा बॅकअप घेण्याजोगा राहिला नसल्याचे म्हटले होते. पूररेषा, धोक्याची पातळी, पाणी कधी किती चढले, हे सगळे जुन्या आकड्यांवरूनच कळते. वाळवंटीच्या काठी राहणाऱ्यांसाठी ते नुसते आकडे नव्हेत.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे ठेवत ती जी-ड्राइव्ह नावाची साठवणूक जळाली. ८५८ टीबी डेटा, आणि बाहेर त्याची प्रत नव्हती. आकार फार मोठा म्हणून प्रत ठेवली नव्हती, असे कारण पुढे आले. इंटरनेटच्या वेगासाठी जगभर नावाजलेल्या देशात हे घडले.

म्हणून जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. त्यात आता एक भर पडली आहे. एक प्रत अशी हवी, की जिला लाईनच नाही. महिन्यातून एकदा जोडायची, प्रत घ्यायची, काढून कपाटात ठेवायची. शिवाय स्टोरेजवर ठरावीक वेळेचे नमुने राखून ठेवावेत, म्हणजे 'काल दुपारी दोनची स्थिती' परत आणता येते.

सभासदांनी काय विचारावे?

पतसंस्था, हायस्कूल, देवस्थान समिती, दूध सोसायटी किंवा पंचायत यांच्या सभेत ताळेबंद मांडला जातो. संगणकावरचा खर्चही त्यात एका ओळीत असतो. त्या ओळीवर पुढचे प्रश्न विचारायला तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

• दुसरी प्रत कुठे आहे? त्याच इमारतीत, त्याच गावात, त्याच नदीकाठी?

• शेवटची प्रत किती वाजता पूर्ण झाली? हे बघण्याची जबाबदारी नावानिशी कोणाकडे आहे?

• लाईनी दोन असतील तर दोघींचा मार्ग वेगळा आहे का? नकाशा पाहिला आहे का?

• लाईन तुटली तर मुख्य यंत्र चालू राहते का? हे शेवटचे कधी करून पाहिले?

• लाईन नसलेली, कपाटातली प्रत आहे का?

• त्या प्रतीतून प्रत्यक्ष एखादी फाईल परत आणून बघितली आहे का?

यातला चौथा आणि सहावा प्रश्न सर्वात जास्त टाळला जातो. चालू व्यवस्थेची केबल मुद्दाम काढून बघायला कोणालाच नको असते. 'चाललंय ना, मग कशाला हात लावता' हे उत्तर सगळीकडे तयार असते. पण करून न पाहिलेली व्यवस्था म्हणजे कधीच न पेटवलेला कंदील. वात आहे, तेल आहे असे सगळे म्हणतात. पेटतो का, ते अंधारातच कळते.

ही चाचणी करायला रविवारचा एक तास पुरतो. पहिली लाईन काढायची, दुसरीवर प्रत चालू राहते का ते बघायचे. दोन्ही काढायच्या, मुख्य यंत्र चालू राहते का ते बघायचे. मग दुसऱ्या गावातल्या प्रतीतून एका खातेदाराची नोंद उघडायची आणि मूळ नोंदीशी ताळा करायचा. ताळा जुळला तर तारीख, वेळ आणि सही घालून इतिवृत्तात नोंद करायची. नाही जुळला, तरी पावसाळ्याआधी कळले हे काय कमी? जूनमध्ये वाळवंटी चढायला लागल्यावर केबल कुठून गेली आहे हे शोधत बसण्यापेक्षा मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी हे काम उरकून घेतलेले बरे.